तुझे सहा, तिचे एकवीस

अगं, एच-इंडेक्स सहा म्हणजे कमी, असं तुला सांगितलं कुणी? तुझ्या बॅचची मैत्रीण बॉस्टनला गेली, कॅन्सरच्या जनुकांवर काम करायला लागली, तिचा आकडा एकवीस झाला. तो तू पाहिलास, शेजारी तुझा सहा पाहिलास, आणि तेव्हापासून तुझा चेहरा उतरलाय. त्यात असोसिएट प्रोफेसरच्या मुलाखतीची तारीख आलेली. "ताई, मी काय दाखवू त्यांना?" असं तू विचारलंस, ते माझ्या मनातून जाईना. माझी उमेदीची सगळी वर्षं मेडिकल कॉलेजात गेली. निवड समितीच्या टेबलापलीकडेही मी बसले आहे. या एका आकड्यापायी चांगल्या चांगल्या मुली खचताना पाहिल्यात. तू त्यांच्यातली होऊ नयेस, म्हणून आज निवांत बोलायचं आहे.

आधी हा आकडा आला कुठून ते ऐक. २००५ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी हे माप सुचवलं. तुझ्या पेपरांपैकी सहा असे निघाले, की प्रत्येकाला निदान सहा सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले दाखले आहेत, तर तुझा एच सहा. माणसाने किती लिहिलं आणि त्यातलं इतरांनी किती उचललं, दोन्ही एकाच आकड्यात बसतं. कल्पना सुटसुटीत, म्हणून जगभर पसरली. पण हिर्श यांनी त्याच मूळ लेखात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. भौतिकशास्त्रात त्यांना सापडलेला सगळ्यात मोठा आकडा होता एडवर्ड विटन यांचा, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर यांचा, १९१. मग विटन काय स्नायडरांच्या निम्म्याने हुशार? हिर्श स्वतःच सांगतात, की विषय बदलला की आकड्याची उंचीच बदलते. ज्याने माप बनवलं त्यानेच सांगून ठेवलंय, की एका विषयाचा आकडा दुसऱ्या विषयाच्या आकड्याशेजारी ठेवू नका. आणि आपण काय करतो? पहिल्यांदा तेच करतो.

असं का होतं, तेही सरळ आहे. सायटेशन पडतं दुसऱ्याच्या पेपरच्या शेवटी असलेल्या संदर्भांच्या यादीतून. ज्या विषयात काम करणारे लोक जास्त, एकेका पेपरवर नावं जास्त, यादी लांब आणि नवा पेपर झटपट निघणारा, तिथे आकडे भराभर वाढतात. गणितवाल्यांची यादी आखूड असते, आणि त्यांचा पेपर दहा-वीस वर्षांनीही कुणी उघडतो. इम्युनॉलॉजी, कॅन्सर, जीनोमिक्स इथे यादी लांबलचक आणि घाई फार. उसाचा एकरी उतारा टनांत मोजतात आणि तुरीचा क्विंटलमध्ये, म्हणून कुणी तूर लावणाऱ्याला आळशी म्हणत नाही.

आणि हे नुसतं भौतिक विरुद्ध जीवशास्त्र एवढंच नाही. आपल्या मेडिकलच्या चार भिंतींतही तसंच आहे. कॅन्सरवरच्या एका अमेरिकन जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एका लेखामागची सरासरी सायटेशन, कितीतरी वर्षं शेकड्यांत आहे, कारण जगात, अमेरिकेत कॅन्सरचे किती रुग्ण याची आकडेवारी तिथे छापून येते आणि कॅन्सरवर लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात तिचाच दाखला देतो. त्याच जर्नलमधला दुसरा एखादा लेख मग जवळपास कुणी वाचलेला नसला, तरी इम्पॅक्ट फॅक्टर त्याच्याही कपाळावर लागतो. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या पेपरांवर शेकड्यांनी नावं असतात. त्यात ज्याचं नाव आलं, त्याचे आकडे एका वर्षात उड्या मारतात. त्यांनी काम केलं नाही असं मी म्हणत नाही. पण शंभराव्या नावाचा वाटा आणि गावोगाव हिंडून एकटीने माहिती गोळा करणारीचा वाटा, दोघांना सायटेशन सारखंच मिळतं, हे तुला कळायला हवं. ॲनाटॉमी, फॉरेन्सिक, तुझं पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, या विभागांत थोर थोर प्राध्यापकांचे आकडे बघ एकदा. तुझा सहा तिथे ठेव. इतका लहान वाटणार नाही.

आता तुझ्या कामाबद्दल बोलू. मिश्रीवर जगात किती जण लिहिणार गं? तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि त्याने दात घासायचे, हे माहीत असलेला रिव्ह्यूअर तुला लंडनमध्ये मिळणार कसा? आपल्याकडे मात्र सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवल्यावर, शेतातून आल्यावर बायका बोट लावतात. गरोदरपणात मळमळतं म्हणून जास्तच लावतात. हे तू मला सांगितलंस, तुझ्या पेपरात लिहिलंस. तुझं काम ज्यांच्यासाठी आहे, त्या बायका पेपर लिहीत नाहीत. त्यांचा दाखला सायटेशनमध्ये येणार कुठून?

पण इथेच एक शहाणपण शिकून घे, कारण ते तुझ्या हातातलं आहे. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांवरचा एक अभ्यास आला, प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा. धूर न येणारा तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस पुरे होण्याआधीच बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. तंबाखू वापरणाऱ्या त्या बायकांमध्येही मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. पण त्यांनी शीर्षकात काय घातलं? धूरविरहित तंबाखू, जन्मवजन, गर्भकाळ. त्यामुळे स्वीडनमध्ये स्नूस या तिथल्या तंबाखूवर काम करणारा त्यांच्यापर्यंत पोचला, बाळंतपणाचे डॉक्टर पोचले, बालरोगवाले पोचले, तंबाखूचे कायदे करणारे पोचले. विषय आपल्या गल्लीतला, पण प्रश्न असा मांडला, की चार वेगळ्या विभागांतल्या लोकांना तो आपला वाटला.

तुझ्या शीर्षकात नुसतं 'मिश्री' आहे आणि तालुक्याचं नाव आहे. तालुक्याचं नाव मजकुरात राहू दे, पद्धतीच्या भागात तर हवंच. शीर्षकात आणि कीवर्डमध्ये मात्र तो शब्द घाल, जो मलेशियातली एखादी मुलगी पबमेडवर टाइप करेल. मिश्री हा शब्दही ठेव, तो काढायचा नाही. दोन्ही ठेव. ॲब्स्ट्रॅक्टच्या पहिल्या दोन वाक्यांत मिश्री म्हणजे काय हे इतकं साधं लिही, की ज्याने आयुष्यात तंबाखू पाहिला नाही त्यालाही कळावं. यात लबाडी काही नाही. आपलं काम ज्यांच्या कामी येईल त्यांना ते सापडावं, एवढीच सोय आहे.

आता बावसकरांची गोष्ट. तुला माहीत असेल, पण या दृष्टीने तू कधी पाहिली नसशील. हिंमतराव बावसकर जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. नागपूरला एमबीबीएस केलं आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू. चावला की माणूस घामाने थबथबतो, हातपाय गार पडतात, छाती भरून येते, तोंडातून फेस येतो. अंगात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं आणि हृदयाला त्यात तग धरता येत नाही. पाठ्यपुस्तकात तेव्हा याबद्दल धड काही नव्हतं. बावसकर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, प्रत्येक तासाची नोंद करत राहिले. १९८२ साली त्यांचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. मग रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिली. १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट', या वेळी डॉ. प्रमोदिनी बावसकरांबरोबर. गंभीर रुग्णांमध्ये शंभरातले तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण उपचारानंतर एक-दोनवर आलं. पुढे विंचवाचं प्रतिविष निघाल्यावर नुसतं प्राझोसिन आणि प्रतिविष अधिक प्राझोसिन यांची तुलना त्यांनी महाडच्याच रुग्णांवर केली. प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाले, आणि तो अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. रुग्ण फक्त ७०.

आता सांग, विंचवावर लिहिणारे जगात असतात कुठे? आपल्याकडे, मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये, ट्युनिशियात, इराण-सौदीत. विंचू चावतो उघड्या पायांना, भातशेतीत, कौलारू घरात, लाकडाच्या ढिगात. ज्यांना चावतो त्यांच्यासाठी औषध कंपन्यांचा पैसा नाही. पैसा नाही म्हणून मोठ्या प्रयोगशाळा नाहीत, आणि प्रयोगशाळा नाहीत म्हणून सायटेशन देणारे लोकही नाहीत. एखादा कॅन्सरवाला त्यांच्यापेक्षा मोठा आकडा पाच वर्षांत सहज गाठेल. पण महाड, पोलादपूर, माणगावच्या कुठल्याही घरी जाऊन विचार, मोठं काम कुणाचं. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' वाचलं नसशील तर वाच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती आकडा बघून मिळालेली नाही.

अभय आणि राणी बंग यांचंही तसंच, पण तिथे मला तुला दुसरं काही दाखवायचं आहे. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी छापून आली. पहिलं नाव राणीताईंचं. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि याआधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हा पेपर स्त्रीरोगवाल्यांनी तर वाचलाच, पण लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास, सरकारी धोरण, सगळीकडे तो गेला. बायकांचं आरोग्य म्हणजे फक्त कुटुंबनियोजन, ही समजूत हलायला त्याने मदत केली. दहा वर्षांनी, १९९९ साली, घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्याच बायकांचा अभ्यास आला, ३९ गावांतला. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घेते, त्यामागे हे काम आहे. आता ती आशाताई काही पेपर लिहून बंगांचा दाखला देत नाही. एखादं औषध, एखादी पद्धत इतकी अंगवळणी पडते, की दाखला द्यायची गरजच उरत नाही.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं असं, की तुला किती सायटेशन आहेत ते बघण्याआधी कुणी दिलीत ते उघडून वाच. तुझ्या पेपरला समजा चौदा सायटेशन आहेत. एकेक उघड. कुणी फक्त 'याआधीही असे अभ्यास झाले आहेत' म्हणून तुझं नाव टाकलंय, कुणी तुझी प्रश्नावली वापरलीय, कुणी तुझ्या आकड्यावरून आपल्या अभ्यासाचा नमुना किती मोठा हवा ते काढलंय, कुणी तुझी चूक दाखवलीय. हे चार प्रकार वेगळे आहेत. त्यात दंतवैद्यकाचा एक असेल, कामगार आरोग्याचा एक असेल, तर तो टिपून ठेव. तुझं काम कुंपण ओलांडून गेलं, हे त्यातून दिसतं, आणि एच-इंडेक्समध्ये ते दिसत नाही.

सायटेशन म्हणजे शाबासकी, असंही समजू नकोस. अँड्र्यू वेकफील्डचा १९९८ चा पेपर, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीला स्वमग्नतेशी जोडणारा, बारा मुलांवरचा. 'लॅन्सेट'ने तो २०१० मध्ये मागे घेतला. त्याला भरघोस सायटेशन आहेत आणि त्यांतली बहुतेक तो कसा चुकीचा आहे हे सांगणारी आहेत. मोजणाऱ्या यंत्राला राग आणि कौतुक सारखंच.

उलट बाजूने कोलकात्याचे शंभुनाथ डे बघ. कॉलऱ्याचा जंतू विष तयार करतो आणि त्या विषाने आतड्यातून पाणी जातं, हे त्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. १९५९ साली 'नेचर'मध्ये छोटासा पेपर. कित्येक वर्षं जगाने त्याची हवी तशी दखल घेतली नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल संस्थेने कॉलऱ्यावरच्या परिसंवादाला त्यांना बोलावलं, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. १९८५ साली ते गेले. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर दीर्घ लेख लिहिला तो कुणी? युजीन गारफील्ड यांनी. ज्यांनी १९५५ साली सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, १९६४ पासून ती छापील स्वरूपात आणली, इम्पॅक्ट फॅक्टर ज्यांच्यामुळे आला, तेच हे गारफील्ड. आयुष्यभर दाखले मोजलेल्या माणसाने डे यांच्यावर एवढं लिहावं, याचा अर्थ त्यालाही ठाऊक होतं, की मोजणी उशिरा पोचते आणि कधी कधी माणूस गेल्यावर पोचते.

मग मुलाखतीत काय म्हणायचं? तिथे मात्र भाबडेपणा नको. "आकड्यांना अर्थ नसतो" असं म्हणशील तर समितीला वाटेल, आकडा कमी आहे म्हणून म्हणतेय. तू आकडा घेऊनच जा, पण बरोबर आकडा घेऊन जा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने आयसाइट नावाचं मोफत साधन केलंय. त्यात पबमेड क्रमांक टाकला, की तुझा पेपर त्याच्याच विषयाच्या पेपरांच्या तुलनेत कुठे आहे ते कळतं. तिथे एक हा आकडा म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या, त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या मधल्या पेपराइतका. तुझ्यातल्या एखाद्या पेपरला १.४ आला, तर त्या खोलीत सांगायला तो सहापेक्षा कितीतरी चांगला. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसमध्येही विषयानुसार तोललेला आकडा मिळतो, तिथे एक म्हणजे जगाची सरासरी. आणि एच-इंडेक्स सांगशील तेव्हा कुठला ते सांग. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळंच मोजतो, त्यामुळे तिथे आकडा मोठा येतो. स्कोपसचा कमी येतो. तुझी मैत्रीण गुगलचा एकवीस सांगत असेल आणि तू स्कोपसचा सहा धरून रडत असशील, तर ती तुलनाच खोटी.

वर्तमानपत्रात दरवर्षी येतं बघ, 'जगातल्या अव्वल दोन टक्के संशोधकांत आपले प्राध्यापक'. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात, २०१९ पासून. त्यातली चांगली गोष्ट अशी, की १७४ उपविषय वेगळे धरले आहेत आणि स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन काढून टाकलेला आकडाही दिलेला असतो. बातमीत हे कधी येत नाही. तुझ्या एचओडीचं नाव त्यात नाही म्हणून त्यांना कमी लेखू नकोस, आणि कुणाचं आलं म्हणून दबूही नकोस.

नावाचं मात्र तातडीने बघ. यात आपल्या मुलींचं फार नुकसान होतं. तुझे सुरुवातीचे पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, मधलं अक्षर बाबांचं. नंतरचे सासरच्या आडनावाने, मधलं अक्षर नवऱ्याचं. एका ठिकाणी जर्नलने आडनाव आधी आणि नाव नंतर उलटं छापलंय. स्कोपसच्या लेखी या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. तुझा सहा कदाचित सातही असेल, तीन जणींत वाटला गेलाय म्हणून दिसत नसेल. त्यात तुझ्या आद्याक्षरांच्या कुलकर्णी महाराष्ट्रात किती असतील! ओआरसीआयडी हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढ, फुकट असतो, सोळा आकडी. जुने-नवे सगळे पेपर त्याला जोड. स्कोपसला विनंती पाठवून तुझी प्रोफाइलं एकत्र करून घे, ते करतात. आणि इथून पुढे एकच नाव ठरव. कुठलं, ते तू ठरव, घरच्यांनी नाही. लग्नाआधीच्या नावाने लिहीत राहिलीस तर त्यात सासरचा अपमान होत नाही, हे घरी शांतपणे सांग. पेपरवरचं नाव म्हणजे तुझ्या कामाचा सातबारा आहे, तो एकाच नावावर असू दे.

दुसरं नाजूक काम, स्वतःचा दाखला देण्याचं. जेस्टोर या ऑनलाइन संग्रहातल्या पंधरा लाख पेपरांवर अमेरिकेतल्या संशोधकांनी पाहिलं, की पुरुष स्वतःच्या पेपरांचा दाखला बायकांपेक्षा ५६ टक्के जास्त देतात, त्या माहितीतल्या शेवटच्या दोन दशकांत तर ७० टक्के. तू तर तुझ्या दुसऱ्या पेपरमध्ये पहिल्याचा उल्लेखच केला नाहीस! का, तर बरं दिसत नाही म्हणून. अगं, ती प्रश्नावली तुझीच होती, तिथे तुझाच दाखला द्यायचा असतो. गरज नसताना घुसडू नकोस, आणि गरज असताना लाजू नकोस.

वरिष्ठांची नावं घालण्याबद्दल तू विचारलं होतंस. ज्यांनी अभ्यास आखला किंवा माहिती तपासली, मसुद्यावर डोकं घातलं, शेवटचा मसुदा मंजूर केला आणि पेपरची जबाबदारी घेतली, ते लेखक. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीने हे निकष लिहून ठेवले आहेत आणि ते चारही पुरे व्हावे लागतात. नुसती खुर्ची मोठी आहे म्हणून नाव, हे बसत नाही. तू लहान आहेस, तुला थेट नाही म्हणणं अवघड, हे मला कळतं. म्हणून अभ्यास सुरू होतानाच कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय, ते ईमेलवर सगळ्यांना लिहून पाठव. नम्रपणे, पण लिहून. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. बढतीला नावाचा क्रम मोजला जातो. २०१५ साली मेडिकल कौन्सिलने पहिल्या दोन लेखकांनाच धरायचं ठरवलं होतं, नंतर नियम पुन्हा बदलले. म्हणून कॅन्टीनमधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, अर्ज भरायच्या आठवड्यात चालू नियमावली उतरवून घे आणि स्वतः वाच.

आणि पैसे भरून आठ दिवसांत पेपर छापणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मुलाखतीची तारीख जवळ आली की असले ईमेल फार येतात, 'आदरणीय डॉक्टर' म्हणून. तुझ्या गावोगावच्या फिरण्याची माती होईल. चांगलं जर्नल परदेशीच हवं असंही नाही. केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून चालू आहे, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून. तिथे रिव्ह्यू कडक असतो, तेच तुला हवंय.

मुलाखतीला तुझे तीन पेपर निवड. प्रत्येकाबद्दल चार ओळी पाठ नको, मनात ठेव: प्रश्न काय होता, तुझा स्वतःचा वाटा काय, काय सापडलं, आणि त्यानंतर कुठे काय बदललं. तुझ्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या तपासणीत तंबाखूचा प्रश्न घालून घेतला, त्याचं पत्र तुझ्याकडे आहे. ते फाइलमध्ये सगळ्यात वर लाव. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली संपादक आणि संशोधकांनी मिळून एक जाहीरनामा केला, डोरा म्हणतात त्याला. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नका, काम वाचा, धोरणावर आणि व्यवहारावर काय परिणाम झाला तेही बघा, असं त्यात म्हटलंय. समितीतल्या सगळ्यांना ते मान्य असेल असं नाही. पण कुणी टोकलंच, तर तुझी बाजू घेणारे जगभरचे लोक आहेत, हे ठाऊक असू दे. आवाज चढवू नकोस. पत्र पुढे कर.

बॉस्टनच्या मैत्रिणीला अभिनंदनाचा मेसेज कर, मनापासून कर. तिनेही खपूनच मिळवलंय. आणि जमलं तर तिला तुझा मिश्रीचा पेपर पाठव. भाजलेल्या तंबाखूतल्या विषारी द्रव्यांचं पेशीत काय होतं, हे तिच्या प्रयोगशाळेला कळू शकतं. कोणत्या बायका ती किती लावतात, कधीपासून, पोटात मूल असताना किती, हे फक्त तुला माहीत आहे. दोघी मिळून एक पेपर लिहिलात, तर तो दोन्ही विषयांत वाचला जाईल.

रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट परत आलेला तो पेपर तुझ्या लॅपटॉपवर तसाच पडलाय ना? पहिल्या रिव्ह्यूअरने कंट्रोल ग्रुपबद्दल विचारलंय ते बरोबर विचारलंय, त्याला सरळ उत्तर दे. दुसऱ्याला मिश्री म्हणजे काय हेच कळलेलं नाही, त्याच्यासाठी तो परिच्छेद नव्याने लिही. या रविवारी बस, शीर्षक बदल, मला एकदा दाखव, आणि सोमवारी पाठवून दे.